बोधिवृक्षाचे दर्शन : शरण नव्हे, स्मरण

आपल्या विहारात दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. दीक्षाभूमीच्या सहलीची नावे लिहून घेणे चालू असताना आठव्या वर्गातील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, आपण वटपौर्णिमा करत नाही, शनिवारी पिंपळाला तेल वाहत नाही. मग नागपूरला जाऊन पिंपळापुढे हात का जोडायचे?"

वर्गात थोडा वेळ शांतता पसरली. आमच्यापैकी एकाने "तो साधा पिंपळ नाही, बोधिवृक्ष आहे" असे उत्तर दिले. मुलीचे त्याने समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. कारण देवळाच्या पारावर बसणारा मनुष्यही आपल्या पिंपळाविषयी हेच म्हणतो की, हा साधा पिंपळ नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला यापेक्षा नीट उत्तर देता आले पाहिजे. सहलीपूर्वी आणि सहलीनंतर आम्ही जे वाचले, पाहिले आणि आपसांत बोललो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

१. मुलीच्या प्रश्नात तथ्य आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, धम्माचाच होता. धम्मपदाच्या बुद्धवग्गात तथागतांनी या विषयावर स्पष्ट मत दिले आहे. भयाने ग्रासलेली माणसे डोंगरांना, वनांना, उद्यानांना, वृक्षांना आणि चैत्यांना शरण जातात. परंतु हे शरण सुरक्षित नाही, उत्तम नाही आणि त्याने दुःखातून सुटका होत नाही, असा त्या गाथांचा आशय आहे. खरे शरण बुद्ध, धम्म आणि संघ यांचे, आणि ते चार आर्यसत्ये जाणून घेतलेल्याचे.

म्हणजे ज्या भगवंतांना पिंपळाखाली सम्यक संबोधी प्राप्त झाली, त्यांनीच वृक्षाला शरण जाऊ नका असे सांगितले. आपल्या भागात पिंपळाविषयीच्या भीतीचा अनुभव प्रत्येकाला आहे. पिंपळावर मुंजा असतो, तिन्हीसांजेला त्याच्याखालून जाऊ नये, असे ऐकतच आपल्यापैकी पुष्कळजण लहानाचे मोठे झाले. जेथे भीती असते तेथे नवस येतो, आणि जेथे नवस येतो तेथे नवस फेडून घेणारा मध्यस्थ येतो. हा सारा व्यवहार आपण १९५६ साली मागे टाकला. तो "बोधिवृक्ष" हे नाव धारण करून मागल्या दाराने परत येऊ नये, ही काळजी त्या मुलीच्या प्रश्नात होती.

२. सात बुद्ध आणि सात वृक्ष

मग पिंपळ हा जातीनेच पवित्र वृक्ष आहे काय? दीघनिकायातील महापदान सुत्तात गौतम बुद्धांसह सात बुद्धांची माहिती आली आहे आणि प्रत्येकाला कोणत्या वृक्षाखाली बोधी झाली तेही सांगितले आहे. विपस्सी बुद्धांचा वृक्ष पाटली, सिखी बुद्धांचा पुंडरीक, वेस्सभू बुद्धांचा साल, ककुसंध बुद्धांचा शिरीष, कोणागमन बुद्धांचा उंबर, कस्सप बुद्धांचा वड आणि गौतम बुद्धांचा अस्सत्थ, म्हणजे पिंपळ.

विद्यार्थ्यांनी ही यादी नीट ध्यानात ठेवावी. वड, उंबर, शिरीष ही आपल्या रोजच्या पाहण्यातील झाडे आहेत. बौद्ध परंपरेने या सर्वांना बोधिवृक्ष म्हटले आहे. याचा अर्थ असा की, बोधी झाडाच्या जातीतून येत नाही. झाडाखाली बसलेल्या व्यक्तीच्या प्रयत्नातून ती येते, आणि त्या प्रयत्नामुळे झाडाला नाव मिळते. माणसाच्या बाबतीत जो विचार भगवंतांनी सांगितला, की जन्माने कोणी श्रेष्ठ होत नाही, कर्माने होतो, तोच येथे झाडाला लागू पडतो.

याच ओघात एका चुकीच्या समजुतीचाही उल्लेख करतो. पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो, म्हणून तो पूज्य, असे भाषणांतून सांगितले जाते. हे विज्ञानाला धरून नाही. हिरवी झाडे प्राणवायू सोडतात ती प्रकाशात. रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे श्वसनच करतो. बोधिवृक्षाचे मोठेपण सांगायला अशा खोट्या आधाराची गरज नाही.

३. चैत्य म्हणजे काय?

शरण जायचे नाही, तर मग वंदन कशासाठी? याचे उत्तर कालिंगबोधी जातकाच्या निदानकथेत मिळते. भगवंत चारिकेला गेले की श्रावस्तीचे लोक फुले घेऊन जेतवनात येत आणि कोणी नसल्यामुळे गंधकुटीच्या दारात ती ठेवून जात. ही अडचण अनाथपिंडिकाने आनंदांच्या कानी घातली. तेव्हा आनंदांनी भगवंतांना विचारले की, चैत्य किती प्रकारचे असतात?

भगवंतांनी तीन प्रकार सांगितले. पहिला शारीरिक, म्हणजे अस्थिधातूंवर उभारलेला. तो परिनिर्वाणानंतरच शक्य. दुसरा पारिभोगिक, म्हणजे बुद्धांनी ज्याचा प्रत्यक्ष उपयोग केला ती वस्तू किंवा ते स्थान. बोधिवृक्ष यात येतो. तिसरा उद्देशिक, म्हणजे केवळ आठवणीसाठी केलेली प्रतिकृती. याला वस्तूचा प्रत्यक्ष आधार नसतो, तो मनावर अवलंबून असतो. यांपैकी बोधिवृक्ष हा बुद्ध हयात असतानाही आणि नंतरही चैत्य होऊ शकतो, असे भगवंतांनी सांगितले. त्यानंतर मोग्गल्लानांनी उरुवेलेच्या बोधिवृक्षाचे फळ आणले आणि अनाथपिंडिकाच्या हस्ते ते जेतवनाच्या दारात लावण्यात आले. आनंदांच्या पुढाकाराने लावला म्हणून त्या वृक्षाला आनंदबोधी हे नाव पडले.

या कथेत झाडाने कोणाला काही दिले, कोणाचा रोग बरा केला, कोणाला मूल झाले, असे एकही वाक्य नाही. चैत्य हे मागण्याचे ठिकाण नाही, आठवण करण्याचे ठिकाण आहे. गुरुजी गावाला गेले तरी शाळा चालू राहावी, अशी ती व्यवस्था होती.

परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. संबोधीनंतर दुसरा आठवडा भगवंतांनी बोधिवृक्षाकडे पापणी न लववता पाहण्यात घालवला. बोधगयेला त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ अनिमेषलोचन चैत्य दाखवतात. ज्यांना कोणाकडूनही काही मागायचे उरले नव्हते, त्यांनी त्या झाडाकडे सात दिवस पाहिले, ते कृतज्ञतेने. वर्गातील मुलीला आमचे पहिले उत्तर हेच आहे: वंदन म्हणजे कृतज्ञता, आणि कृतज्ञ होण्यासाठी भ्यावे लागत नाही.

४. मूर्तीच्या आधी वृक्ष

बुद्धमूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वी काही शतके शिल्पकार बुद्धांना मानवरूपात दाखवीत नसत. त्यांच्या जागी रिकामे आसन, पादचिन्हे, धम्मचक्र, स्तूप किंवा बोधिवृक्ष कोरला जाई. भरहुतच्या कठड्यावर शाक्यमुनींचा बोधिवृक्ष नावानिशी कोरलेला आहे. तो कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. सांचीच्या तोरणांवर सम्राट अशोकाने बोधिवृक्षाला दिलेल्या भेटीचे दृश्य आहे.

विदर्भही या परंपरेपासून दूर नव्हता. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे कोरीव अवशेष मिळाले. तेथील एका शिल्पात मुचलिंद नाग नावासह कोरलेला आहे आणि बुद्ध मानवरूपात दाखवलेले नाहीत. आपल्या माजरीजवळच्या भद्रावतीच्या विजासन लेण्यांत मात्र डोंगराच्या पोटात आसनस्थ बुद्धमूर्ती आहेत. पवनी आणि विजासन ही दोन्ही स्थळे पाहिली की, आधी आसन व चिन्हे आणि पुढे मूर्ती, हा क्रम आपल्याच भागात डोळ्यांनी पाहता येतो. शिक्षकांनी मुलांना ही दोन्ही स्थळे अवश्य दाखवावीत.

५. एका वृक्षाचा प्रवास

आज बोधगयेला उभा असलेला वृक्ष अडीच हजार वर्षांपूर्वीचाच मूळ वृक्ष आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला भेट दिली, हे त्याच्या आठव्या शिलालेखात नमूद आहे. त्याच्या राणीने मत्सरापोटी वृक्षाचा नाश करण्याचा प्रयत्न केला, अशी कथा प्राचीन ग्रंथांत येते. सातव्या शतकात आलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग लिहितो की, राजा शशांकाने हा वृक्ष तोडला व त्याची मुळेही जाळली, आणि पुढे मगधाच्या पूर्णवर्म्याने त्याचे संगोपन करून तो पुन्हा जगवला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात पाहिला तेव्हा वृक्ष जीर्ण झाला होता आणि १८७६ च्या वादळात तो कोसळला. त्यानंतर कनिंगहॅम यांनी त्याच वृक्षाचे रोप तेथे लावले. आजचा वृक्ष तो होय. त्याचे वय दीडशे वर्षांच्या आतले आहे.

मग परंपरा अखंड राहिली कशी? इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अशोककन्या थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन श्रीलंकेला गेली. राजा देवानंपिय तिस्स याने अनुराधपूर येथे ती लावली. तो वृक्ष आजही उभा आहे, आणि लागवडीची ऐतिहासिक नोंद असलेल्या जगातील वृक्षांत तो सर्वांत जुना मानला जातो. भारतातून बौद्ध धम्म जवळजवळ नाहीसा झाला त्या काळात तेथील भिक्षूंनी आणि उपासकांनी त्याला पाणी घातले, कुंपण घातले, राखण केली.

विसाव्या शतकात हा प्रवास उलट दिशेने झाला. अनागारिक धर्मपाल यांच्या प्रयत्नाने सारनाथला मूलगंधकुटी विहार उभा राहिला, आणि १९३१ साली अनुराधपूरचे रोप तेथे आले. त्यानंतर ते आपल्या नागपूरला आले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या वृक्षाची तीन रोपे आणली आणि १९६८ साली ती दीक्षाभूमीवर लावण्यात आली. उरुवेला, अनुराधपूर, नागपूर असा हा मार्ग आहे. त्यात एकही चमत्कार नाही. रोप वाहून नेणारे हात आहेत, खड्डा खोदणारे हात आहेत आणि पाणी घालणारे हात आहेत.

६. दीक्षाभूमीवर

आम्ही फाल्गुनातील एका रविवारी सकाळच्या गाडीने माजरीहून निघालो. वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम करीत नागपूरला पोचलो. धम्मचक्र प्रवर्तनदिनाला जाणाऱ्यांना दीक्षाभूमी गर्दीतच ठाऊक असते. एरवीच्या दिवशी तेथे शांतता असते आणि झाडाखाली उभे राहून पानांचा आवाज ऐकता येतो. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो, त्यामुळे थोड्याही वाऱ्यात पान हलते. पानगळीचे दिवस होते. जुनी पाने खाली पडत होती आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी फुटत होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच भूमीवर बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली. १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूरला, त्या वेळच्या चांद्याला, दीक्षा समारंभ झाला. माजरी, भद्रावती, वरोरा या भागातील आपले वाडवडील त्या दोन ठिकाणांपैकी कोठे ना कोठे हजर होते.

आमच्या सोबत एक वृद्ध उपासिका होत्या. १९५६ साली आईच्या कडेवर बसून त्या चांद्याला गेल्या होत्या. त्यांनी वृक्षासमोर हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. प्रश्न विचारणारी मुलगी त्यांच्या शेजारीच होती. तिने न राहवून विचारले, "आजी, तुम्ही काय मागितलं?"

आजी म्हणाल्या, "मांगाले काहून येईन वं पोरी? मांगाचं तर आमी चांद्यालेच सोडलं. माही माय आठवते इथं. तिनं मले कडेवर घेऊन माणसात आणलं, थे आठवते."

आम्ही या विषयावर कितीतरी वाचले होते. परंतु शरण आणि वंदन यांतील फरक इतक्या थोडक्यात आमच्यापैकी कोणालाही सांगता आला नव्हता. मुलीनेही मग हात जोडले. कोणी तिला जोडायला सांगितले नव्हते.

या भूमीविषयी समाजाची जागरूकता किती आहे, हे १ जुलै २०२४ रोजी दिसले. दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या कामामुळे स्मारकाला धोका पोचेल या काळजीने लोक मोठ्या संख्येने जमले आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. बोधगयेला ७ जुलै २०१३ रोजी महाबोधी परिसरात बॉम्बस्फोट झाले. मंदिर आणि वृक्ष सुदैवाने सुरक्षित राहिले. बाहेरच्या धोक्याला आपण असे सावध असतो. आपल्याच श्रद्धेने होणारी इजा मात्र आपल्या ध्यानात येत नाही, आणि पुढील भाग त्याविषयी आहे.

७. आपल्या विहारातील पिंपळ

परतल्यावर मुले विहाराच्या अंगणातील पिंपळाकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. हा पिंपळ नागपूरहून आणलेला नाही. कोण्या पाखराने टाकलेल्या बीतून तो जुन्या भिंतीच्या फटीत उगवला होता आणि जुन्या मंडळींनी तेथून काढून अंगणात लावला होता. मुलांनी त्याची पाहणी केली आणि जे आढळले ते वर्गात वाचून दाखवले.

खोडात अकरा खिळे निघाले. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला पंचशील ध्वजाच्या पताका बांधण्यासाठी ते आम्हीच ठोकले होते. बुंध्याची एक बाजू काळी पडली होती, कारण मेणबत्त्या आम्ही मुळाशीच लावीत होतो. एका फांदीला बांधलेली तार सालीत रुतली होती. आणि यंदा बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधून वर फरशी बसवण्याचा ठराव समितीपुढे होता. एका दानशूर सभासदाने रक्कमही कबूल केली होती.

ज्या झाडाला आम्ही रोज वंदन करीत होतो त्याच झाडाला आम्ही जाळत होतो, टोचत होतो आणि आता गुदमरवणार होतो. हे कबूल करताना आम्हाला शरम वाटते, परंतु इतर गावच्या संस्थांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. बुंध्यापर्यंत फरशी केल्यास पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही. साल जळाली तर अन्नरस वाहून नेणारा थरच मरतो. खिळ्याच्या जखमेतून बुरशी व कीड आत शिरते. बोधगयेला देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ वृक्षाची तपासणी करतात, जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत आणि दिवे लावण्याची सोय वृक्षापासून दूर केलेली आहे. जगातील सर्वांत वंदनीय वृक्षालासुद्धा श्रद्धेबरोबर शास्त्र लागते.

समितीच्या बैठकीत चर्चा झाली, ती थोडी गरमही झाली. "पार नको म्हणजे विहाराची शोभा नको काय?" असे काहींचे म्हणणे पडले. "आपला पिंपळ नागपूरच्या वंशाचा नाही, तेव्हा त्याचे एवढे काय?" असेही कोणी म्हणाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता मुलांजवळ तयार होते. आपला पिंपळ हा पारिभोगिक चैत्य नाही, हे खरे. आपण त्याला आठवणीचे निमित्त केले म्हणून तो फार तर उद्देशिक होय. तो आपल्या मनावर उभा आहे. मन बेफिकीर झाले की तो नुसता मुळाशी जळलेला पिंपळ उरतो. शेवटी पार रद्द करून त्या रकमेतून बुंध्यापासून दूर, गोल दगडी बैठक करावी आणि आतली माती मोकळी ठेवावी, असे ठरले. दानशूर सभासदाने ते आनंदाने मान्य केले.

८. दर्शन घेताना पाळावयाच्या गोष्टी

बोधगया असो, दीक्षाभूमी असो की गावचा विहार, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) आधी त्रिशरण-पंचशील घ्यावे, मग वृक्षाला वंदन करावे. शरण कोणाला आणि वंदन कशाला, हा क्रम मुलांना समजावून सांगावा.

(२) काही मागू नये. नवस, दोरा, नाणे, अंगारा यांना तेथे स्थान नाही.

(३) पान तोडू नये. गळालेले पान मिळाल्यास स्मरण म्हणून वहीत ठेवावे. त्याला औषध किंवा ताईत समजू नये. विकत तर मुळीच घेऊ नये.

(४) मेणबत्ती, अगरबत्ती झाडापासून दूर, ठरलेल्या जागीच लावावी. मुळाशी दूध, तेल ओतू नये. साधे पाणी पुरे.

(५) खोडाला खिळा, तार, विजेची माळ लावू नये. पताका वेगळ्या खांबांवर बांधाव्यात.

(६) निदान दहा मिनिटे मौन पाळून बसावे. ज्या कामासाठी तथागत तेथे बसले होते, त्याचा थोडासा अभ्यास आपणही करावा.

९. माजरीत हे काम अधिक का?

आपण कोळशाच्या मुलखात राहतो. खुल्या खाणीने माणसांना रोजगार दिला आणि त्याच वेळी माती उपसून तिचे डोंगर उभे केले. उन्हाळ्यात अंगणातील पिंपळाची पाने काळ्या धुळीने झाकून जातात. अशा ठिकाणी बोधिवृक्षाविषयीची कृतज्ञता केवळ गाथा म्हणून पूर्ण होत नाही.

पिंपळ लावायचा तर काही गोष्टी पाहाव्यात. त्याची मुळे दूरवर जातात आणि भिंती फोडतात, म्हणून घर, विहार, विहीर, नळाची लाइन यांपासून निदान तीस फूट अंतर ठेवावे. भिंतीत उगवलेले रोप लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागी लावावे. पहिला दमदार पाऊस झाल्यावर लागवड करावी. रोपाला जनावरांपासून कुंपण करावे आणि पहिले तीन उन्हाळे न चुकता पाणी द्यावे. जेथे पिंपळाला जागा नाही तेथे शिरीष लावावा. उंबरालाही मोकळी जागा असेल तर तो लावावा. सात बुद्धांच्या यादीत ही दोन्ही झाडे आहेत, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

लावणे एका दिवसाचे काम आहे. फोटो निघतो आणि सर्वजण घरी जातात. जगवणे वर्षानुवर्षांचे काम आहे. संघमित्रा थेरीने शाखा नेली ती एकदा. त्यानंतर बावीसशेहून अधिक वर्षे ज्यांनी पाणी घातले, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्यामुळेच १९६८ साली नागपूरला रोप येऊ शकले, आणि त्यांच्यामुळेच आमची ती आजी त्याखाली उभी राहून आपल्या आईची आठवण करू शकली. तशा नाव नसलेल्या माणसांत आपली गणना व्हावी, एवढे आपल्याला करता येण्यासारखे आहे.

विहारातील पिंपळाला पाणी घालण्याची पाळी आता धम्मवर्गाच्या मुलांनी वाटून घेतली आहे. पाळीचा तक्ता फळ्याशेजारी लावलेला आहे. त्यात पहिले नाव प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे आहे, आणि ते तिने स्वतःच लिहिले आहे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

(१) शरण जाणे आणि वंदन करणे यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.

(२) चैत्याचे तीन प्रकार कोणते? दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष आणि आपल्या विहारातील पिंपळ कोणत्या प्रकारात बसतील? आपले मत कारणांसह लिहा.

(३) सात बुद्धांच्या वृक्षांपैकी कोणते वृक्ष आपल्या गावात आढळतात? प्रत्यक्ष फिरून यादी करा.

(४) उरुवेलेपासून नागपूरपर्यंतचा बोधिवृक्षाचा प्रवास नकाशावर दाखवा.

(५) १९५६ च्या नागपूर किंवा चांदा येथील दीक्षा समारंभाला हजर असलेली व्यक्ती आपल्या घरात वा शेजारी असल्यास तिची आठवण तिच्याच शब्दांत लिहून आणा. हे काम लवकर करा.

नमो बुद्धाय! जयभीम!